एक दांडा, चार कामं

गेल्या पावसाळ्यानंतर आईनं आमच्या गाडीत बसायला नकार दिला.

कराडहून पाटणच्या पुढे, तिच्या माहेरी जायचं होतं. पप्पा गाडी पुसून तयार. आई चप्पल घालून बाहेर आली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी एसटीनं येते." दोन वर्षांपूर्वी तिच्या कमरेतली गादी सरकलीय. प्रत्येक खड्डा तिला आधी कमरेत आणि मग डोळ्यांत कळतो. ती भांडली नाही, पिशवी घेऊन स्टँडकडे चालायला लागली. पप्पांना ते फार लागलं.

गाडी २०१० ची, लहान हॅचबॅक, ९४ हजार किलोमीटर चाललेली. पप्पांनी आयुष्यात घेतलेली एकुलती एक. मी तेव्हा पुण्याहून शनिवार-रविवारसाठी आलो होतो. म्हटलं, "पप्पा, विकून टाकू आता. नवीन घेऊ, ईएमआय मी भरतो."

"गाडीला काय झालंय? पुढचं शॉकप गेल्यात," पप्पा म्हणाले. मग बॉनेटचा एक कोपरा त्यांनी डाव्या हातानं दाबून सोडला. चांगली गाडी एकदा वर येते आणि थांबते. आमची वर आली, खाली गेली, परत वर आली, परत खाली. चाकामागे वाकून पाहिलं तर शॉकपच्या नळीवर तेल आणि धुळीचा काळा थर होता. टायरवर हात फिरवला तर लाटा लागत होत्या, कुणीतरी जागोजागी चावे घेतल्यासारख्या. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालायची. हे सगळं मला आधीही दिसलं असणार. मी ते 'जुनी गाडी' या खात्यात टाकून दिलं होतं.

गॅरेजवाल्यानं ११,४०० रुपये सांगितले. पप्पा म्हणाले, "घरीच करू आपण."

या 'आपण'चा अर्थ 'मी' असा होता. पप्पांचा उजवा खांदा आता वर जात नाही. ३२ वर्षं ते साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आणि मी? मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. म्हणजे तसं डिग्रीवर लिहिलंय. चौथ्या वर्षात कॅम्पसमधून आयटीत गेलो आणि तेव्हापासून जावा लिहितो. आमच्या बॅचचे निम्मेअधिक असेच गेले. ऑटोमोबाईलच्या पेपरात मात्र मी आठ मार्कांसाठी 'मॅकफर्सन स्ट्रट'ची आकृती काढली होती, पेन्सिलनं, बाण आणि नावांसकट. पैकीच्या पैकी मिळाले होते.

मॅकफर्सन कोण, हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही. नवे स्ट्रट कुरिअरनं यायला चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी त्याच्या मागे लागलो.

उड्या थांबवायच्या कशा?

पहिली गोष्ट म्हणजे 'शॉक अॅब्सॉर्बर' हे नावच थोडं खोटं आहे. धक्का सोसते ती स्प्रिंग. शॉकप करतो ते काम वेगळं: धक्का सोसल्यावर स्प्रिंग जी नाचायला लागते, तिला तो गप्प बसवतो. आतमध्ये तेल असतं. दांड्याच्या टोकाला असलेला दट्ट्या त्या तेलातून बारीक भोकांवाटे वाट काढतो, त्यात उडीची ताकद जिरते आणि तिची उष्णता होते. खड्ड्यांच्या रस्त्यावर तासभर चाललेल्या गाडीचा शॉकप हाताला गरम लागतो, तो म्हणूनच.

घोडागाडीच्या काळात ही वेगळी व्यवस्था फारशी लागली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बग्ग्यांना लंबगोलाकार पाट्यांच्या स्प्रिंगा आल्या. ट्रकचे पाटे आपण आजही पाहतो, त्यांचीच ही पणजी. पाट्यावर पाटा घासतो आणि त्या घासण्यातच थोडी उडी मरते. घोड्याच्या वेगाला तेवढं पुरायचं. मोटार आली, वेग वाढला आणि पाटे अपुरे पडले.

मग सुरू झाले प्रयोग. फ्रान्समध्ये त्रुफो यानं नुसत्या घर्षणावर चालणारं यंत्र काढलं: दोन हात, मध्ये दाबून बसवलेल्या चकत्या. अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्डनं ते बनवून विकलं. मोरिस हुदाय नावाच्या फ्रेंच माणसानं तेलावर चालणारं, गोल फिरणारं यंत्र केलं. क्लीव्हलँडचा क्लॉड फॉस्टर हा माणूस तर आधी भोंगे विकायचा. गाडीच्या सायलेन्सरमधून निघणाऱ्या वायूवर वाजणारे सुरेल भोंगे. देवदूत गॅब्रिएलच्या तुतारीवरून त्यानं कंपनीचं नाव 'गॅब्रिएल' ठेवलं. पुढे त्यानं 'स्नबर' काढला: गुंडाळलेला एक पट्टा, जो गाडीला वर उसळताना मागे ओढून धरायचा. भोंगे गेले, नाव राहिलं. त्याच नावाची कंपनी १९६१ मध्ये भारतात सुरू झाली. चाकण आणि नाशिकला तिचे कारखाने आहेत. पुणे-नाशिक रस्त्यावरून जाताना तो फलक मी शंभर वेळा वाचला असेल. त्यामागे एक तुतारी आहे हे आत्ता कळलं.

पण या सगळ्या काळात स्प्रिंग वेगळी, शॉकप वेगळा आणि चाकाला जागेवर धरून ठेवणारे हात वेगळे होते. प्रत्येक कामाला एक माणूस, अशी ती व्यवस्था होती.

हजार डॉलरच्या आतली गाडी

अर्ल मॅकफर्सनचा जन्म १८९१ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. तिथल्याच विद्यापीठात तो इंजिनिअर झाला. निरनिराळ्या मोटार कंपन्यांत काम करत १९३४ मध्ये तो जनरल मोटर्समध्ये आला आणि पुढे शेवरले विभागात गेला.

१९४५ मध्ये युद्ध संपत होतं. पहिल्या महायुद्धानंतर मंदी आली होती, तशी आताही येईल, लोकांकडे पैसा नसेल, तेव्हा लहान आणि स्वस्त गाडी हाताशी हवी, असा कंपनीतल्या लोकांचा अंदाज होता. त्या प्रकल्पावर मॅकफर्सन मुख्य होता. गाडीचं नाव 'कॅडेट'. अट एकच, पण जबर: किंमत १,००० डॉलरच्या आत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे ही अट मला ओळखीची वाटली. फीचर सगळी हवीत, बजेट अर्धं. अशा वेळी दोन रस्ते असतात. एक म्हणजे जे आहे तेच हलक्या मालात करायचं. दुसरा म्हणजे मुळात इतक्या गोष्टी लागतात का, हे विचारायचं.

तेव्हाच्या चांगल्या गाडीच्या पुढच्या चाकाला वर एक हात, खाली एक हात, मध्ये स्प्रिंग, बाजूला शॉकप आणि चाक वळायला वेगळी खीळ असायची. मॅकफर्सननं वरचा हात काढूनच टाकला. त्याऐवजी शॉकपचा दांडा जाड आणि मजबूत केला, त्याचं वरचं टोक थेट गाडीच्या अंगाला अडकवलं आणि खालचं चाकाला घट्ट जोडलं. स्प्रिंग त्याच्याच भोवती बसवली. गाडी वळताना चाक फिरणार तेही याच दांड्याभोवती.

आता हा एकच दांडा वजन पेलतो, उडी जिरवतो, चाक सरळ धरतो आणि वळताना कण्यासारखा फिरतो. कामं चार, वस्तू एक. इंग्रजीत 'स्ट्रट' म्हणजे टेकू, आधाराचा खांब. शॉकपचा टेकू झाला.

कल्पना अगदी आभाळातून पडली नव्हती. विमानाच्या चाकांना तेल भरलेले असे दांडे आधीपासून होते. १९२२ च्या लान्चिया लॅम्डा या इटालियन गाडीची पुढची चाकं उभ्या खांबावर वर-खाली सरकायची. फियाटच्या ग्विदो फोर्नाका यानं १९२० च्या दशकात बरीचशी अशीच रचना पेटंट करून ठेवली होती. मॅकफर्सनचं श्रेय असं की त्यानं ती कारखान्यात लाखांनी बनेल आणि स्वस्तात बनेल, इतकी साधी केली. कॅडेटच्या तर चारही चाकांना त्यानं असे स्ट्रट दिले.

नमुन्याच्या गाड्या तयार झाल्या आणि चालवून पाहिल्या गेल्या. आणि १९४७ मध्ये कंपनीनं कॅडेट बंद केली.

कारण साधं होतं. मंदी आलीच नाही. युद्धात चार वर्षं नवी गाडी न मिळालेले लोक मोठ्या गाड्यांसाठी रांगा लावत होते, पोलाद कमी पडत होतं, आणि लहान गाडी बनवायचा खर्च मोठीपेक्षा फार कमी येत नव्हता. हजार डॉलरचा हिशेब काही केल्या जुळेना. ज्या गाडीसाठी हा दांडा सुचला, ती गाडी रस्त्यावर आलीच नाही.

पेटंट एकाचं, गाडी दुसऱ्याची

त्याच वर्षी मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला. पण जाण्याआधी, मार्च १९४७ मध्ये, या रचनेच्या पेटंटचा अर्ज झाला होता. ते मंजूर झालं जानेवारी १९५३ मध्ये. शोधकर्ता म्हणून नाव मॅकफर्सनचं, मालकी जनरल मोटर्सची. तोपर्यंत त्याचे स्ट्रट फोर्डच्या गाड्यांत दोन वर्षं धावत होते. फोर्डमध्ये त्यानं सुधारित रचनेच्या वेगळ्या पेटंटचा अर्ज केला होता.

त्या गाड्या अमेरिकेतल्या नव्हत्या. १९५० साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात ब्रिटिश फोर्डनं कॉन्सल आणि झेफर दाखवल्या. युद्धानंतरचा ब्रिटन रेशनवर जगत होता, काटकसर तिथे कुणाला शिकवावी लागत नव्हती. या गाड्यांना खाली वेगळी चॅसी नव्हती. पत्र्याचं अख्खं अंग हाच सांगाडा. स्ट्रटला नेमकं हेच हवं होतं. तो सगळा भार उंचावर, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना नेऊन टाकतो. जुन्या चॅसीच्या गाडीत तिथे धरायला भक्कम काही नसायचं. एकसंध अंगात मात्र तिथे पत्र्याचा मनोरा उभा करता येतो. बॉनेट उघडलंत तर दोन्ही बाजूंना तीन-तीन नटांचे गोल दिसतील, ते त्या मनोऱ्यांचे माथे.

काटकसर इथेही थांबली नाही. वळणावर गाडी कलू नये म्हणून पुढे एक आडवी सळई असते. मॅकफर्सननं तिलाच वाकवून खालच्या हाताला मागे-पुढे धरून ठेवायचं जास्तीचं काम दिलं. आणखी एक सुटा भाग वाचला.

अमेरिकेनं मात्र बराच काळ याकडे पाठ फिरवली. तिकडे पेट्रोल स्वस्त होतं आणि गाड्या बोटीएवढ्या. १९७० च्या दशकात तेल महागलं तेव्हा त्यांना लहान गाडीची आठवण झाली. १९७९ साली शेवरलेची सायटेशन आली आणि तिच्या पुढच्या चाकांवर मॅकफर्सन स्ट्रट होते. ज्या शेवरलेसाठी ते सुचले होते तीच शेवरले, बत्तीस वर्षांनी. मॅकफर्सन फोर्डमध्ये इंजिनिअरिंगचा उपाध्यक्ष होऊन १९५८ मध्ये निवृत्त झाला आणि १९६० मध्ये वारला.

आडवं इंजिन आणि आपण

मधल्या काळात युरोपात आणि जपानमध्ये या दांड्याला नवीच नोकरी लागली होती.

इंजिन आडवं ठेवून पुढचीच चाकं फिरवली तर लहान गाडीत माणसांना भरपूर जागा मिळते. पण मग पुढे, दोन चाकांच्या मध्ये, इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी शेजारी बसवावे लागतात. वरचे हात तिथे घुसले तर इंजिनाला जागा उरत नाही. स्ट्रट उभा असतो, कडेला असतो. दान्ते जाकोसानं १९६९ मध्ये फियाट १२८ अशीच मांडली: आडवं इंजिन, त्याच्या टोकाला गिअरबॉक्स, पुढे स्ट्रट. १९७२ ची होंडा सिव्हिक आणि १९७४ ची फोक्सवॅगन गोल्फ यांनाही पुढे आडवं इंजिन आणि स्ट्रटच होते. आज रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक लहान गाडी या आराखड्याची आहे.

आपल्याकडे तोवर काय होतं? अॅम्बॅसिडरच्या पुढे पीळ खाणाऱ्या लांब सळया होत्या, मॉरिस ऑक्सफर्डकडून आलेल्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाटला, म्हणजे पुढच्या पद्मिनीला, वर-खाली दोन हात आणि मध्ये स्प्रिंग. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी त्या रचना वर्षानुवर्षं सांभाळल्या, ग्रीस भरून आणि बुश बदलून. भाग खूप, पण प्रत्येक भाग सुटा आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

मग १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं आडवं इंजिन, पुढची चाकं ओढणारी आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट. २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तोवर २५ लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या होत्या. हजार डॉलरच्या गाडीचं डेट्रॉईटमध्ये फसलेलं स्वप्न जगात ज्या ज्या ठिकाणी पुरं झालं, त्यांतलं एक मोठं ठिकाण आपलं. पप्पांच्या कारखान्याच्या कॉलनीत पहिली ८०० चीफ केमिस्टकडे आली होती. ती धुताना पाहायला पोरं जमायची, असं पप्पा सांगतात. त्यांच्याकडे स्वतःची गाडी यायला पुढची पंचवीस वर्षं गेली. पण आली. ज्या काटकसरीनं ती त्यांच्या आवाक्यात आली, तिच्यात या दांड्याचाही वाटा आहे.

अंगणात

पुढच्या शनिवारी सकाळी सातला आम्ही सुरू झालो. पप्पा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मी जमिनीवर.

बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, मग जॅक लावायचा. जॅकवर गाडी उचलायची, त्याच्या भरवशावर ठेवायची नाही. पप्पांनी जुन्या वर्कशॉपमधल्या मित्राकडून दोन लोखंडी घोड्या आणल्या होत्या. मी म्हटलं, विटा चालतील की. त्यांनी नुसतं पाहिलं. वीट वरून दाबली की वाकत नाही, एकदम फुटते.

स्ट्रटच्या खालच्या दोन बोल्टांभोवती पांढऱ्या रंगानं खुणा केल्या, म्हणजे नवा स्ट्रट बसवताना चाकाचा तिरपेपणा साधारण तोच राहतो. ब्रेकचा पाईप क्लिपमधून सोडवला. चाकाचा गोळा खाली लोंबकळून पाईप ताणला जाऊ नये म्हणून तो तारेनं बांधून ठेवला. मग ते दोन बोल्ट. पहिला पाच मिनिटांत निघाला. दुसऱ्याला दीड तास लागला. पाना लावून मी लटकलो, लाथा मारल्या, घामानं निथळलो. पप्पा शांतपणे म्हणाले, "जोर लावू नको, लांबी लाव." पान्याला हातपंपाचा जुना पाईप अडकवला आणि बोल्ट कुरकुरत फिरला. तरफेचा नियम मी सहावीत शिकलो होतो.

वरचे तीन नट सोडवले आणि स्ट्रट खाली आला. मधल्या नटाला हात लावायचा नाही, हे मला पाठ होतं. गाडीतून काढलेल्या स्ट्रटमध्येही स्प्रिंग दाबलेलीच असते आणि तो मधला नट तिला धरून असतो. स्प्रिंग आधी पकडीत धरून दाबल्याशिवाय तो सोडला तर ती सुटते. त्या झटक्यानं हात मोडू शकतो, डोकं फुटू शकतं.

पकडी मी ऑनलाइन मागवल्या होत्या, ८९० रुपयांची जोडी. लांब आट्यांचा दांडा, दोन्ही टोकांना आकडे. समोरासमोर लावायच्या आणि आळीपाळीनं थोड्या थोड्या आवळायच्या. मी तसंच करत होतो. डावीकडे चार फेरे, उजवीकडे चार फेरे. स्प्रिंग अंगठाभर दबली असेल.

आणि 'टण' असा आवाज झाला. एक आकडा स्प्रिंगच्या वळणावरून बोटभर सरकला होता.

"सोड! हात काढ! मागं हो!" पप्पा खुर्चीतून उठले होते. त्यांचा असा आवाज मी लहानपणी एकदाच ऐकला होता, विहिरीच्या काठावर.

काही झालं नाही. आकडा पुढच्या वळणाला अडकून थांबला. पण पकडीचा दांडा किंचित वाकलेला दिसत होता. मी म्हटलं, "परत नीट लावतो." पप्पा म्हणाले, "न्हाय. हितं बास." स्प्रिंगच्या वळणांतून त्यांनी आधी दोर ओवून घट्ट बांधला. मग मला बाजूला उभं राहून, तोंड वळवून, फेरे उलटे सोडायला लावले. त्या वीस-पंचवीस फेऱ्यांना जितका वेळ लागला तितका मला कुठल्याही प्रॉडक्शन रिलीजला लागलेला नाही.

दोन्ही जुने स्ट्रट आम्ही अख्खेच पोत्यात घातले आणि स्कूटरवर एमआयडीसीतल्या एका गॅरेजात नेले. तिथे भिंतीला पक्का बसवलेला स्प्रिंग दाबायचा प्रेस होता. त्या मुलानं, असेल विसेक वर्षांचा, स्प्रिंग काढून, वरचं रबर आणि धूळ अडवायचं रबरी नळकांडं नवं घालून, स्प्रिंगचं टोक खाचेत बरोबर बसवून वीस मिनिटांत दोन्ही नवे स्ट्रट तयार करून दिले. ३०० रुपये.

तिथेच बाकावर बसून पप्पांनी जुन्या स्ट्रटचा दांडा डाव्या हातानं खाली दाबला. तो गेला आणि खालीच राहिला. त्या मुलानं नव्याचा दाबला, तर तो सावकाश वर आला. जुन्याचा दांडा एका बाजूनं घासून फिका पडला होता.

"एकाच अंगानं का घासलाय?" मी विचारलं.

"चाक बाजूनं ढकलतंय की त्याला," पप्पा म्हणाले.

हे मला माहीत असायला हवं होतं. वरचा हात काढून टाकला, की त्याचं काम दांड्यावर येतं. चाक त्याला सतत आडवं वाकवायला बघतं. हा आडवा भार कमी व्हावा म्हणून स्प्रिंग जाणूनबुजून थोडी तिरकी बसवतात. तरी घासणं पूर्ण जात नाही. तेल धरणारं सील तिथूनच हळूहळू हार मानतं. जुन्या रचनेत शॉकप गेला तर नुसता शॉकप जायचा आणि चार नट काढून बदलायचा. इथे एकाच्या पाठीवर चारांची ओझी आहेत, म्हणून तो थकला की सगळी गाडीच थकल्यासारखी वाटते. आणि तो बदलायचा तर भरलेल्या स्प्रिंगेशी झुंज.

सुरुवातीच्या काळात अनेक स्ट्रटच्या नळीला वर आटे असायचे. टोपण उघडून तेल बदलता यायचं किंवा आतलं नळकांडं नवं घालता यायचं. पुढे बहुतेक नळ्या कारखान्यातच कायमच्या बंद झाल्या. बनवायला त्या आणखी स्वस्त पडल्या, दुरुस्तीला उघडेनाशा झाल्या. मी पूर्वी काटकसर म्हणजे खर्च कमी करणं समजायचो. या दांड्याचा इतिहास वाचून वाटायला लागलं की बऱ्याचदा खर्च कमी होत नाही, तो पुढच्या माणसाकडे सरकतो. मॅकफर्सननं कारखान्यातले भाग वाचवले, म्हणून पप्पांना गाडी घेता आली. त्याची उरलेली फेड तेरा-चौदा वर्षांनी आमच्या अंगणात होत होती. मी त्यातही पकडीत पैसे वाचवायला गेलो होतो आणि ती फेड जवळजवळ हातानं करणार होतो.

मी हे पप्पांना माझ्या भाषेत सांगितलं. ते हसले. "कारखान्यात सिझनला मी फिटर होतो, वेल्डर होतो, रात्रीच्या पाळीला क्रेनवर पण मीच. पगार एकाचाच. खांदा उगाच गेला व्हय?"

हिशेब

रविवारी दुपारी दोन्ही स्ट्रट बसले. शेवटचे नट चाकं जमिनीवर टेकल्यावर पुन्हा आवळले. सोमवारी सकाळी अलाइनमेंट करून घेतली. ती टाळायची नसते. नाहीतर नवे टायर सहा महिन्यांत जातात आणि वाचवलेले पैसे तिथे निघून जातात.

खर्च असा झाला. स्ट्रटची जोडी ४,३५०. रबरं आणि बाकी किट १,२४०. न वापरलेल्या पकडी ८९०. गंजाचं तेल १८०. गॅरेजचा प्रेस ३००. अलाइनमेंट ४५०. एकूण ७,४१० रुपये. गॅरेजनं ११,४०० सांगितले होते, अलाइनमेंट धरून. म्हणजे ३,९९० वाचले. पकडी मागवल्या नसत्या तर ४,८८०.

यात माझे दोन दिवस धरलेले नाहीत, घोड्या उसन्या होत्या त्याचं भाडं नाही आणि खुर्चीत बसलेल्या ३२ वर्षांच्या अनुभवाचं तर नाहीच. ते सगळं धरलं तर गॅरेजवाल्याचा भाव अगदी रास्त होता. तुम्ही घरी करणार असाल तर एवढं करा: नट-बोल्ट स्वतः काढा, मजुरीतली बरीच बचत तिथेच होते. स्प्रिंग मात्र प्रेस असलेल्याकडेच न्या. आणि स्ट्रट नेहमी जोडीनं बदला, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते.

पुढच्या महिन्यात आई पाटणला गाडीनं गेली. पुढच्या सीटवर, पाठीशी उशी घेऊन. मल्हारपेठच्या अलीकडे एक जुना, माहितीतला खड्डा आहे. तो आला तेव्हा तिनं दाराचा दांडा घट्ट धरला. गाडी खाली गेली, एकदा वर आली आणि थांबली.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "मागून अजून हाणतंय थोडं."

पप्पांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर त्यांनी कॅलेंडरवर दिवाळीच्या शनिवारी बॉलपेननं लिहून ठेवलं: मागचं दोन.